आत्याचा फोन येण्याआधी

घरात कुणाचाही कॉम्प्युटर रुसला की मला हाक येते, आणि मदत करता करता मी चिडते, हे आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलं आहे. त्या सकाळी बाबांनी मला हलवून उठवलं, तेव्हा त्यांच्या हातात पाटी होती. 'आवाज बंद. लवकर ये.'

घशाच्या ऑपरेशनमध्ये बाबांचा आवाज गेला. त्यांचा धंदा गाडी शिकवायचा, त्यामुळे आयुष्यभर तो आवाज दुसऱ्यांच्या चुकांवर ओरडण्यातच कामी आला. ऑपरेशनआधी आम्ही तो रेकॉर्ड करून घेतला. आता त्यांच्या कॉम्प्युटरवर दोन प्रोग्रॅम असतात. एकात ते टाइप करतात, आणि दुसरा ते वाक्य त्यांच्याच आवाजात बोलून दाखवतो.

एरवी पाटीवर भागलं असतं. पण आज आत्याच्या हृदयाचं ऑपरेशन होतं, आणि आत नेण्यापूर्वी ती फोन करणार होती. आत्याला दिसत नाही. पाटी तिच्या काय कामाची?

"मी वाचून दाखवीन ना तिला," मी म्हणाले.

बाबांनी पाटीवर 'नाही' लिहिलं आणि खाली जाड रेघ ओढली.

मग काय, मी बसले कॉम्प्युटरपुढे. टाइप करायच्या प्रोग्रॅमची एकच रड होती, की बोलणाऱ्याशी जोडणी होत नाही. मला वाटलं बोलणारा मेला असेल, पण तो ठणठणीत होता. दोघं एकाच मशीनवर, त्यामुळे इंटरनेटवर खापर फोडून मोकळं व्हायचीही सोय नव्हती. अशा दोन प्रोग्रॅमना एकमेकांशी बोलायला सॉकेट लागतं. म्हणजे एका फोल्डरमधली ठरलेली जागा, जिथे एकाने कान देऊन बसायचं आणि दुसऱ्याने येऊन हाक मारायची. दोघांच्या सेटिंगमधला पत्ता मी ताडून पाहिला. काना-मात्रेचाही फरक नव्हता. परवानग्या तपासल्या, दोघांना बंद करून पुन्हा चालू केलं. रड तीच.

बाबा माझ्या पाठीमागे येरझारा घालत होते.

"बाबा, एका जागी बसा बघू! तुम्ही चालल्याने हे लवकर चालू होणार नाहीये," मी खेकसले. ते इतक्या मुकाट्याने बसले की मलाच वाईट वाटलं.

शेवटी मी तो फोल्डरच उघडून पाहिला. तिथे सॉकेट नव्हतंच. बोलणारा म्हणतोय मी इथेच बसलोय, आणि तिथे तर कुणीच नाही. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. रात्री सिस्टिम अपडेट झाली होती, आणि सुरक्षिततेच्या नावाखाली तिने बोलणाऱ्याला त्याच नावाचा, पण त्याच्यापुरता वेगळा फोल्डर देऊन टाकला होता. तो बिचारा आपल्या खोलीत कान देऊन बसलेला, आणि दुसरा बाहेरच्या खोलीत हाका मारतोय. खोटं कुणीच बोलत नव्हतं. मला त्याचाच जास्त राग आला. चूक कुणाची ते कळलं, की निदान चिडायला तरी बरं पडतं.

दोघांना एका सामाईक फोल्डरचा पत्ता देत होते, तेवढ्यात फोन वाजला. बाबांनी स्पीकर लावला.

"आहेस का रे?" आत्याने विचारलं. "नेतायत मला थोड्या वेळात."

"आत्या, थांब हं जरा, बाबांचा आवाज सुरू करतेय!" मी ओरडले आणि बोलणारा प्रोग्रॅम चालू केला.

जोडणी झाली. बाबा पुढे सरसावले. काय बोलायचं ते त्यांनी आधीच पाटीवर लिहून ठेवलं होतं, 'ताई, अजिबात घाबरू नकोस. सगळं नीट होणार.' पण त्यांनी कीबोर्डला हात लावायच्या आतच कॉम्प्युटर बोलू लागला. न पोचलेली वाक्यं टाइप करायचा प्रोग्रॅम टाकून देत नाही, साठवून ठेवतो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आवाज बंद आहे हे कळण्याआधी सकाळी बाबांनी एका दमात जे टाइप केलं होतं, ते आता बाहेर पडत होतं.

"उठलीस का गं?" बाबांचा आवाज म्हणाला. "मला रात्रभर झोप नाही."

बाबा दचकले.

"ताईला काही झालं तर मी काय करू? मला फार भीती वाटतेय."

बाबा दोन्ही हात हलवून मला बंद कर, बंद कर म्हणून खुणावू लागले. माझं बोट बटणावरच होतं, दाबलं असतं तर संपलं असतं. पण हा माणूस कधी कुणाजवळ भीती वाटते असं बोलला नव्हता. आज माझ्याजवळ बोलला, आणि मी झोपले होते. मी बोट उचललं.

"हे तिला सांगू नकोस," असं म्हणून आवाज थांबला.

फोनवर आत्याच्या मागे कसलीशी ट्रॉली खडखडत गेली. बाबा जमिनीकडे बघत होते, आणि आपण हे काय करून बसलो, असं मला झालं.

"सकाळपासून जो येतो तो मला घाबरू नका म्हणून सांगून जातो," आत्या म्हणाली. "मला वाटलं, घाबरलेली मी एकटीच. ऐक, फोन ठेवू नकोस. ते न्यायला येईपर्यंत बस माझ्याजवळ."

बाबांनी लिहून ठेवलेलं वाक्य टाइप केलं नाही. खुर्ची फोनजवळ ओढली आणि एकच शब्द टाइप केला.

"बसलोय."