जमिनीने प्यायलेलं रॉकेल

उत्तर आयर्लंडमधल्या फर्मॅनातल्या त्या उतारावर दोनच घरं. वरचं ब्रीज मॅकगर्कचं, खालचं मॅलकी गिलीसचं. ब्रीजचा नवरा गेल्यापासून अकरा वर्षं मॅलकीच तिची पन्हळं साफ करी, गावातून औषधं आणून देई. म्हणून घर तापवणाऱ्या बॉयलरच्या टाकीतलं रॉकेल नाताळाआधीच अर्ध्यावर आलं, तेव्हा तिच्या मनात त्याचंच नाव आलं.

"दुसरं कोण फिरकतं माझ्या परसात?" रविवारी चर्चच्या दारात ती चार बायकांना म्हणाली. मग पोलिसांनाही म्हणाली.

पोलीस मॅलकीकडे गेले. नातवंडांदेखत त्याच्या टाकीत काठी बुडवून पाहिली, शेड उचकटली. काही सापडलं नाही. त्या दिवसापासून मॅलकीने तिच्या फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही.

ब्रीजने टाकीला कुलूप लावलं. रॉकेल तरी उतरतच राहिलं. "किल्ली करून घेतली असेल मेल्याने," असं स्वतःशी पुटपुटत तिने दुसरं कुलूप आणलं.

फेब्रुवारीत बॉयलर बंद पडला. दुरुस्तीला फर्गस ड्रम आला, पन्नाशीचा, मोजकं बोलणारा. दोन कुलुपं बघून तो थबकला.

"चोर आहे आमच्याकडे," ब्रीज म्हणाली.

"बॉयलर बंद पडल्यावरही पातळी उतरली?"

"कालच काठीवर खूण केली होती. बोटभर खाली गेलीय."

"म्हणजे चोर रोज येतो, आणि बोटभरच नेतो?"

"धूर्त आहे तो."

फर्गसने टाकीचे सांधे फडक्याने पुसून पाहिले. फडकं कोरडंच राहिलं. मग तो सिमेंटच्या पायवाटेने घराकडे निघाला. एका ठिकाणी कडेचं गवत पिवळं पडून आडवं झालं होतं. त्याने मूठभर माती उचलली, हुंगली आणि ब्रीजपुढे धरली. तिने मान फिरवली.

"जुनं सांडलेलं असेल काहीतरी."

त्याने टाकीचा कॉक बंद केला, बॉयलरकडचं नळीचं टोक सोडवून त्याला पंप जोडला आणि नळीत हवा भरली.

"आता पंपावरच्या या दाबाच्या काट्याकडे बघा."

काटा थरथरला आणि खाली येऊ लागला. त्याने पुन्हा हवा भरली. काटा पुन्हा उतरला.

"ही नळी कुणी पुरली?"

"माझ्या नवऱ्याने. स्वतःच्या हाताने."

"तांब्याची उघडी नळी सिमेंटात पुरली की ती कुजते. बाई, तुमचं रॉकेल कुणी नेलं नाही. जमिनीने प्यायलं." मग त्याने उताराकडे पाहिलं. "खाली कुणाची विहीर आहे का?"

ब्रीज कोट न घालताच उतरत गेली. मॅलकीने दार उघडलं, पण आत ये म्हणाला नाही. तिने धापा टाकत सगळं सांगितलं.

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "तीन आठवडे झाले, पाण्याला वास येतोय."

"मग सांगितलं का नाहीस रे?"

"काय सांगू? माझ्या घरात रॉकेलचा वास येतोय म्हणून? तूच म्हणाली असतीस, बघा, सापडला चोर."

"पोरांनी प्यायलं का ते पाणी?"

"कळेपर्यंत प्यायलं. धाकटी दोन दिवस ओकत होती."

"मॅलकी, माझं चुकलं. मला माफ..."

"नको. माफी मागून तू मोकळी होशील. मी विहिरीचं काय करू?"

त्याने दार लावून घेतलं. आपटलं नाही, हळूच लावलं.

पुढे यंत्रं आली, उतार खणला गेला, काळी पडलेली माती ट्रकमधून गेली. विहीर कायमची बंद झाली. एप्रिलमध्ये मॅलकी सगळ्यांना घेऊन ओमा गावी, लेकीकडे राहायला गेला. जाताना त्याने वर पाहिलं नाही. ब्रीज खिडकीत उभी होती.

त्या रविवारी चर्चच्या दारात तिने त्याच बायकांना गाठलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मॅलकीने काही चोरलं नव्हतं. माझीच नळी फुटली होती."

"अगंबाई! असं होय," त्यांतली फिलोमिना म्हणाली. मग रुमाल सारखा करत हलक्या आवाजात, "पण ब्रीज, काही म्हण, पोलीस उगीच नाही जात कुणाच्या घरी."

"मी पाठवले होते," ब्रीज म्हणाली. "मी!"

फिलोमिनाने आजारी माणसाला थोपटावं तसं तिच्या दंडावर थोपटलं, आणि त्या सगळ्या चहाला आत गेल्या.