भुऱ्याचा डावा पुठ्ठा

भुऱ्या कुत्रा लंगडायला लागला, तेव्हा अंबरनाथच्या डॉक्टरांनी सुषमाला बजावलं, "डाव्या पुठ्ठ्याचे स्नायू आटलेत. रोज हळूहळू चालवा, पण उड्या अजिबात नकोत."

तरी मोरिवलीच्या घरी तिचे वडील, आबा, भाकरीचा तुकडा उंच धरायचेच आणि भुऱ्या उडी मारायचा.

"कुत्रंच ते, उडणारच," आबा म्हणायचे.

सांगून सांगून सुषमा थकली. शेवटी वैतागून तिने आबांचा हात भुऱ्याच्या पुठ्ठ्यांवरून फिरवला. उजवा भरलेला होता, डाव्याचं हाडच हाताला लागलं.

"दुखत असेल गं याला," आबा म्हणाले.

"महिनाभर मी दुसरं काय सांगतेय, आबा?"

त्यांनी भाकरी ताटलीत ठेवली. भुऱ्याने ताटलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो आबांच्या रिकाम्या हाताकडे बघत उडीच्या तयारीत उभा राहिला. सुषमाने कपाळाला हात लावला.