लाकडात ठोकलेलं अर्थिंग

वर्षभरात तिसरा अँप्लिफायर जाळून बसवाला पेलेनातो सिनापातीच्या दुरुस्तीच्या दुकानात आला, तेव्हा तिने तो जळका डबा नाकाशी धरून तोंड वाकडं केलं.

"बस चालवतोस की गाण्यांच्या आवाजाने समुद्रातले मासे पळवून लावतोस रे?"

"मावशी, गाणी नसली की लोक दुसऱ्या बसमध्ये चढतात."

"बसमधलं वायरिंग कुणी केलं होतं?"

"आठवत नाही," तो खाली बघत म्हणाला. मागच्या दोन्ही वेळी त्याने हेच सांगितलं होतं.

सिनापातीने दुरुस्त केलेलं टिकत नाही, अशी कुजबुज आता सामोआतल्या आपिया शहराच्या बाजारात सुरू झाली होती. तीस वर्षांचं नाव मातीत जाणार म्हटल्यावर तिचं डोकं फिरलं. असल्या अडाण्यांच्या बसमध्ये काय बघायचं म्हणून मागच्या दोन्ही वेळी ती तिकडे फिरकली नव्हती. आज मात्र टेस्टर घेऊन तरातरा निघाली.

बस अळकुड्यांच्या टोपल्यांनी आणि माणसांनी भरली होती. अँप्लिफायरच्या रिकाम्या जागेवर पेलेनातोच्या आईने यंत्र झाकायला विणलेली चटई होती.

"यंत्राला पांघरूण! थंडी वाजते का त्याला?" सिनापातीने चटई भिरकावली. लोक हसले, तसा तिला आणखी चेव आला. "आणि हे अर्थिंग बघा. बोल्ट लाकडी फळीतच संपलाय, खालच्या लोखंडापर्यंत पोचलाच नाही. सगळा करंट गाण्याच्या बारीक वायरीतून परत जायचा. जळणार नाही तर काय? कुठल्या गाढवाने..."

तारेच्या टोकाला लाल दोरा गुंडाळलेला होता. प्रत्येक जोडाला असा दोरा बाजारात एकटी तीच गुंडाळायची. गेल्या नाताळच्या गर्दीत तिने एका दिवसात पाच बसचं वायरिंग उरकलं होतं, त्यातली एक ही, ते तिला आठवलं.

तिने पेलेनातोकडे पाहिलं. तो कानापर्यंत लाल झाला होता. वडीलधाऱ्या बाईला चूक दाखवायची कशी, म्हणून या बावळटाने तीन अँप्लिफायर जाळले होते.

"कोण गं ते गाढव?" पुढच्या बाकावरच्या म्हातारीने विचारलं.

"सवाई बेटावरचा कुणीतरी होता," पेलेनातो घाईने म्हणाला. "गेला तो परत."

सिनापाती लांब बोल्ट आणि पाना घेऊन खाली उतरली. बसखाली सरपटत जाण्याआधी दारातून डोकं आत घालून म्हणाली, "खोटं बोलतोय तो. ते गाढव मीच होते."