हंसाची चढाई, भिंतीअलीकडून

तीस सेकंद. कबड्डीत एका चढाईला त्याहून जास्त वेळ मिळत नाही.

फिल्टर प्रेसची, म्हणजे रंग गाळायच्या यंत्राची, कापडं धुतली की पिवळा रंग कोपरापर्यंत चढतो. साबणाने जात नाही. लिंबाने थोडा जातो.

चिंचणीच्या हंसा चुरीचा डावा घोटा दोन वेळा मुरगळला आहे. पट्टी ती उजव्याला बांधते.

दिवाळीत बोईसरच्या भाड्याच्या खोल्यांना कुलपं लागतात. नांदेड, जळगाव, लातूर, हिंगोली, सगळे आपापल्या गावी.

नऊ फूट भिंत, वर काचा. अलीकडे रंगाचा कारखाना, पलीकडे बेटेगावचं मैदान.

माईकवर बसणारे शांताराम गुरुजी बशीतून चहा पितात.

या सगळ्याचा एकमेकांशी संबंध आहे, आणि तो पुंजारामला पुरता ठाऊक होता. फक्त तो सांगायला त्याला एक मिनिट मिळालं, आणि तेही मोबाईलसमोर, टपरीवर, दुसऱ्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत.

•

मिनिट मागणारी होती वैभवी राऊत. बेटेगावच्या कबड्डी स्पर्धेच्या समितीत सतरा पुरुष आणि ही एकटी बाई, त्यामुळे कामं सगळी हिच्याकडे. हंसा चुरीचं हे शेवटचं वर्ष होतं. छत्तिसाव्या वर्षी ती खेळ सोडणार, तेव्हा बायकांच्या अंतिम सामन्याआधी मैदानातल्या मोठ्या पडद्यावर चाहत्यांचे बोल दाखवायचे असं ठरलं होतं. प्रश्न एकच: हंसाताई तुम्हाला का आवडतात? वैभवी आठवडाभर फोन घेऊन बाजारात, दवाखान्यात, कंपन्यांच्या गेटांवर फिरत होती. तिच्या फोनमध्ये जमलं ते असं:

दिपेश, वेल्डर. "बोनस. बाकीचे बोनस घेतात तर समजतं, घेतला. हिचा पाय कधी बोनसच्या रेषेपलीकडे गेला नि कधी आला, पंचालापन दोनदा विचारायला लागतं. आन ती पट्टी. दुखरा पाय डावा नि पट्टी उजव्याला. समोरचे येडे उजवाच धरायला जातात. आता हे पडद्यावर दाखवू नका, फायनल व्हायची हाय."

रखमाकाकी, भाजी विकते, चिंचणीची. "आमच्या वाडीतली हाय ती. आवडते म्हंजे? हरली ना, का दुसऱ्या दिशी माज्यावर खेकसते, काकी तुमी वरडला नाय म्हनून हरलो. पोरीला माजा आवाज लागतो. झालं? का अजून बोलू?"

प्रियदर्शिनी, नर्स, माहेर पालघर, सासर मनोर. "मी कॉलेजात खेळायचे. लग्नानंतर सुटलं. यांचं सुटलं नाही. … नको, बंद कर. एवढंच."

रामू, हेल्पर, गाव गोरखपूर. "दीदी हारती है तो भी धूल झाड़ के ऐसे जाती है जैसे अगला घर देखने निकली हो। बस।"

आणि मग पुंजाराम.

तो टपरीच्या बाकड्यावर अगदी टोकाला बसला होता, पिवळे हात मांडीखाली दाबून. चाळिशीचा, अंगाने लुकडा. फोन समोर आल्यावर त्याने आधी शर्टाचं वरचं बटण लावलं.

"ती चढाईला गेली की माईक गप होतो," तो म्हणाला.

वैभवीने फोन आणखी जवळ धरला. "म्हणजे काय, भाऊ?"

"म्हंजे गुरुजी एरवी बोलतच राहतात की. अमका गेला, तमका आला, चारचाकी कुणाची उभी आहे ती काढा. पण हंसाचं नाव घेतलं की गप. मग काईच नाई. मी मोजतो. एकवीस, बावीस. एकदा एकोणतीस झाले. एकोणतीस सेकंद काईच नाई, आन मग एकदम कळतं, आली परत. तेवढं … ते लई आवडतं."

"आणि त्यांचा खेळ?"

"खेळ पाहिला नाई म्या."

टपरीवर जो तो हसला. दिपेशच्या नाकातून चहा आला.

"कधीच नाही?" वैभवीने विचारलं.

"सामने दुसऱ्या पाळीत असतात ना. मी आत असतो. भिंतीपलीकडून ऐकतो."

"ताई, हा आमचा बिनबघितलेला फॅन," त्याच्याच प्रेसवरचा जितेश म्हणाला. "सात वर्षं झाली. बाई उंच हाय का बुटकी, हे बी त्याला ठाऊक नाय. विचारा."

"उंच असंल," पुंजाराम म्हणाला.

पुन्हा हशा. वैभवी हसली नाही, पण तिने फोनही खाली केला नाही. भोंगा झाला.

•

जितेश बेटेगावचाच. पुंजाराम ज्या प्रेसवर काम करायचा त्याच प्रेसवर तोही, फक्त पाळी वेगळी, आठवड्याला बदलणारी. दोघांत एक करार होता, आणि तो त्या दोघांपुरता नव्हता. त्या पट्ट्यातल्या कितीतरी कंपन्यांत तो चालतो, कुठे लिहिलेला नाही. दिवाळीत बाहेरगावचे घरी जातात, त्यांच्या पाळ्या इथले लोक ओढतात. जानेवारीत गावांच्या स्पर्धा लागतात, तेव्हा इथल्यांच्या पाळ्या बाहेरगावचे ओढतात. ज्याने दिवाळी घेतली त्याने जानेवारी द्यायची. साहेबांना फक्त यंत्रापाशी माणूस दिसायला हवा.

पुंजाराम दर दिवाळीला हिंगोलीकडे जायचा. आईबाप गेलेले, घर पडलेलं, तरी जायचा, बहिणीकडे. आणि दर जानेवारीत सामन्यांच्या दिवसांतली दुसरी पाळी, दोघांपैकी कुणाच्याही वाट्याची असो, तोच ओढायचा.

पहिल्या वर्षी त्याला मैदानावरच्या भोंग्याचा त्रासच झाला होता. दुसऱ्या वर्षी ड्रमच्या शेडमागे लघवीला गेला असताना तो भोंगा अचानक थांबला. त्याला वाटलं, तिकडची लाईट गेली. मग कुणीतरी श्वास सोडावा तसा गुरुजींचा आवाज आला: "हंसा चुरी, दोन गडी, सुखरूप परत." तेव्हापासून तो सामन्यांच्या तीन दिवसांत शेडमागे जायची वेळ साधू लागला. प्रेस एकदा भरली की वीस मिनिटं माणूस नसला तरी चालतं. भिंतीच्या त्या टप्प्यात आतल्या मोटारींचा घरघराट एवढा असतो की पलीकडची माणसं, त्यांच्या शिट्ट्या, ढोल, काही म्हणजे काही पोचत नाही. फक्त भोंगा पोचतो. आणि भोंगा गप झाला की राहतं ते फक्त मोजणं.

त्या मोजण्यात त्याने हंसाला घडवली होती. उंच, हळू चालणारी, कुणाकडे न बघणारी. गावी असताना, बसमध्ये, खोलीवर भात शिजताना तो मधूनच मनात मोजायला लागायचा आणि पंचविसाच्या पुढे त्याच्या हातातलं काम थांबायचं.

बायको विचारायची, "काय झालं?"

"काई नाई. आली परत."

मागच्या जानेवारीत गुरुजींनी माईकवर सांगितलं की हंसा अजून एकच वर्ष खेळणार. नवरात्र सरल्यावर पुंजारामने पाळी बदलताना जितेशला गाठलं.

"यंदा दिवाळी तू घे. जानेवारी मला दे."

जितेशने मुखपट्टी खाली ओढली. "डोकंबिकं ठिकानावर हाय ना? मी सामने सोडू? माझ्या गावचे?"

"मी बी माझ्या गावची दिवाळी सोडतोय."

लक्ष्मीपूजनाला आठ वर्षांत जितेश घरी नव्हता, ही गोष्ट त्याच्या बायकोने त्याला त्याच आठवड्यात दोनदा ऐकवली होती. "एका बाईसाठी," तो एवढंच म्हणाला. "तीबी न बघितलेली."

"म्हणूनच," पुंजाराम म्हणाला.

•

रविवारी तो चारलाच मैदानावर पोचला. सामना सातचा. दोरीला लागून, मध्यरेषेच्या समोर जागा धरली. मातीवर पाणी मारून रोलर फिरवलेला, चुन्याच्या रेषा ओल्या. भिंत आता त्याच्या डाव्या हाताला होती, दूर, आणि या बाजूने तिच्यावर सिमेंटच्या जाहिराती रंगवलेल्या होत्या. सात वर्षं त्याने जिला कान लावला ती भिंत ही, यावर त्याचा चटकन विश्वास बसेना.

सातला दहा कमी असताना पडद्यावर चाहते आले. रखमाकाकीला टाळ्या पडल्या. प्रियदर्शिनीचं "बंद कर" वैभवीने तसंच ठेवलं होतं. पुंजाराम सगळ्यांत शेवटी आला, मोठ्ठा, वरचं बटण लावलेला. "उंच असंल" वर मैदान खदखदून हसलं. शेजारच्याने पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि सरकून त्याला आणखी थोडी जागा दिली.

मग संघ आले. चिंचणीच्या सात जणींत सर्वांत बुटकी होती ती हंसा. रुंद, सावळी, केस घट्ट बांधलेले, चालताना डावीकडे जरा झुकणारी. ती हसत होती, बडबडत होती, एकीच्या पाठीत तिने धपाटाही घातला. पुंजाराम बघत राहिला. त्याला वाईट वाटलं नाही. लग्न ठरवताना फोटोतली मुलगी वेगळी आणि समोर चहा घेऊन आलेली वेगळी असते, आणि माणूस समोरचीलाच हो म्हणतो, तसं त्याने मनात हो म्हटलं.

"चढाईला … हंसा चुरी."

पुंजारामने श्वास धरला. मंचावर शांताराम गुरुजींनी तळहात माईकवर ठेवला. हे त्याने स्पष्ट पाहिलं. आणि त्याच क्षणी मैदान फुटलं.

ढोल, ताशा, पत्र्याचे डबे, शिट्ट्या, हजार-बाराशे गळे. मागच्या माणसाने त्याच्या खांद्यावर हात आपटत "हंसे, हंसे" सुरू केलं. कुठूनतरी रखमाकाकीचा आवाज सगळ्यांवर चढला. पुंजारामने मोजायला घेतलं. एक, दोन, तीन, आणि चार कुठे गेला ते कळलं नाही. समोर ती पायांवर नाचत होती, तिचे ओठ हलत होते, पट्टीचा पाय पुढे आला आणि दुसऱ्याच पायाने तिने बोनस उचलला, दिपेश म्हणाला होता तसाच. सगळं खरं होतं आणि सुंदर होतं. फक्त गप काहीच नव्हतं. माईक गप झाला होता आणि त्या गप्पपणाचा इथे कुणाला पत्ताही नव्हता. तो फक्त भिंतीच्या पलीकडे ऐकू येत होता.

तिने एकूण अकरा चढाया केल्या. अकराही वेळा त्याचं मोजणं हुकलं. डहाणूचा संघ दोन गुणांनी जिंकला. शेवटच्या चढाईत हंसाची पकड झाली. ती उठली, धूळ झाडली, आणि रामू म्हणाला होता तशीच निघाली.

सत्कार, शाल, नारळ झाल्यावर वैभवीने त्याला हाताला धरून मंचामागे नेलं. "ताई, हे ते भिंतीवाले."

हंसा पायरीवर बसून घोट्यावर बर्फ चोळत होती. डाव्या. तिने वर पाहिलं. "उंच नाय निघाले, नाय?"

"नाई," पुंजाराम म्हणाला. मग घाईने, "पण चालतं."

ती हसली. तेवढ्यात गुरुजी बशी घेऊन आले आणि त्यांनी न विचारताच खुलासा केला. "मी दोनदा हिच्या चढाईत बोललो आन दोनदा ही बाद झाली. तेव्हापासून हात ठेवतो. दुसरं काय नाय."

"तिकडे खरंच काय ऐकू येत नाय?" हंसाने पुंजारामला विचारलं.

"काईच नाई."

"माझी चढाई चालू असताना?"

"हाव."

तिने बर्फ खाली ठेवला. "मला इथे माझा स्वतःचा आवाज ऐकू येत नाय. कबड्डी म्हनते का नाय, ते पंच तोंडाकडे बघून ठरवतात. वीस वर्षं." तिने भिंतीकडे बोट केलं. "एकदा ऐकायला पायजे होतं मला ते. पन मी खेळत असताना मी तिकडे येनार कशी?"

गुरुजींनी चहा संपवला.

•

सोमवारी तीनला पाळी बदलताना जितेश प्रेसपाशीच उभा होता, जायची घाई नसल्यासारखा.

"ऐकलं," तो म्हणाला.

पुंजाराम हातमोजे चढवत होता. थांबला.

"शेडमागे गेलो. म्हटलं, बघू तरी हा काय करतो इथे. तर भोंगा बंद. मला वाटलं वायर तुटली." जितेशने कपाळ पुसलं. "मग कळलं, तीच गेली असनार. पुंजा, त्या मैदानात मी लहानाचा मोठा झालो रे. असं कधी … शेवटची होती ना ती? परत आली नाय ना?"

"नाई आली."

"मला कळलं ते. गुरुजी बोलायच्या आधीच कळलं."

"किती झाले?"

"काय किती?"

"सेकंद. शेवटच्याला. किती झाले?"

जितेशने आठवायचा खरंच प्रयत्न केला. "मोजले नाय रे," तो म्हणाला. "मोजायचं असतं ते मला काय माहीत."

पुंजारामने मान हलवली, प्रेस उघडली आणि पहिलं कापड ओढून काढलं.

त्याने सोडलेल्या त्या दिवाळीत, भाऊबीजेला औंढ्यात त्याची बहीण मैनाबाई हिने पाट मांडून ठेवला होता, आणि तो तिने दुसऱ्या दिवशी दुपारी उचलला.