इंजिनाची उचकी

मित्रांनो, मी एक जुने जेट इंजिन आहे. समोरून हवा ओढायची, पोटात आग सांभाळायची आणि मागून तीच हवा जोराने सोडून द्यायची, एवढेच माझे काम. एका मोठ्या कारखान्यात माझे एकेक पाते बसवले गेले. मग मला लढाऊ विमानात चढवून विमानवाहू जहाजावर पाठवण्यात आले. तिथे पाणी कुठे संपते आणि आकाश कुठे सुरू होते, तेच कळत नसे. धुक्यातून वर झेपावताना वाटे, आपण समुद्राला पडलेल्या स्वप्नातच फिरतो आहोत.

सगळे माझे कौतुक करत. पण एका दुपारी जहाजावर उतरता उतरता मला उचकी लागली. धाडकन आवाज झाला, मागून ज्वाळेचा लोळ निघाला आणि क्षणभर माझा दमच कोंडला. वैमानिकाने विमान कसेबसे उतरवले. त्याचे हातमोजे घामाने चिंब झाले होते.

मला बाहेर काढून जहाजाच्या मागच्या टोकाला घट्ट बांधले आणि पूर्ण जोरात चालवून पाहिले. मी आपले सुरात गात राहिले! उचकी नाही की ठसका नाही. कुशीत कुठेतरी सलत होते. पण मला बोलता कुठे येते?

"काहीच सापडत नाही. चढवा परत," दुरुस्ती विभागाचे प्रमुख म्हणाले.

वैमानिकाने मान खाली घातली. "मलाच भास झाला असेल, साहेब."

माझी देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञ बाईंना सगळे ताई म्हणत. त्या हात पुसत पुढे आल्या. "भासाने हातमोजे भिजतात होय? नीट आठवा. उचकी कधी लागली?"

"वळलो, जोर वाढवला... विमान थरथरलं ना ताई, तेव्हा."

"आणि इथे तर आपण याला जखडून ठेवलंय. थरथरणार कुठून?"

प्रमुखांनी वाकून माझ्याकडे पाहिले. मग त्यांनी बाह्या सरसावल्या. "उद्याचं उड्डाण रद्द. चला, मीही शोधायला बसतो."

माझ्या कुशीतून एक बारीक नळी जाते. आत हवेचा दाब किती आहे, हे तीच कळवते आणि त्यावरून मला इंधन मिळते. प्रमुखांनी नळीत हवा भरली, ताईंनी तिला साबणाचा फेस लावला आणि हलकेच हलवले. फेसातून एक बुडबुडा फुगत गेला. त्यात सारे आकाश उलटे तरंगत होते.

"सापडलं!" वैमानिक ओरडला. केसाएवढी चीर होती ती. हादरा बसला तरच उघडणारी. ती उघडली की दाब चुकीचा कळायचा, इंधन बिघडायचे आणि मला उचकी लागायची.

नळी बदलली. पुढे कितीतरी वर्षे मी त्या वैमानिकाला सुखरूप घरी आणले. मग नवी इंजिने आली आणि मी गोदामात धूळ खात पडले. आता एका तंत्रशाळेच्या दालनात उभे आहे.

मित्रांनो, कुणी म्हणाले, "मला काहीतरी होतंय," आणि तुम्हाला काहीच दिसले नाही, तरी त्याला खोटे पाडू नका. जवळ बसा, विचारा.

इथे झाडलोट करणारे काका रोज माझ्यावरून फडके फिरवतात. काल म्हणाले, "काय बाबा, बरं आहे ना?" सांगण्यासारखे दुखणे आता उरलेले नाही. तरीही दिवसभर बरे वाटत राहिले.