भिंतीला पाजलेलं पाणी

"चाखून पाहा! खारट हाये का नाही?" केवलराम महाराज गरजले आणि आमच्या मधल्या खोलीत शिरलेलं अर्धं दवनीवाडा गाव भिंतीला बोटं लावून चाटायला लागलं!

"खारट! अगदी आसवावानी!" छोटेलालकाकांनी तर दोनदा चाटलं.

हे ऐंशी वर्षांचं मातीचं घर आम्ही उन्हाळ्यात विकत घेतलं, तेव्हा भिंती पांढऱ्याशुभ्र होत्या. नवा चुना मारलेला ना! श्रावणात ही भिंत कंबरेपर्यंत ओली झाली आणि महाराजांनी निदान केलं, "हिमांशु रडून राहिला. तहानलेलाच गेला ना तो?"

हे गावाला माहीतच होतं. आदल्या वर्षी माझा सहा वर्षांचा भाऊ जुलाब-उलट्यांनी गेला. गोंदियाला नेताना ऑटोत तो पाणी मागत होता. "पानी पाजलं तं अजून उलट्या होतीन," कोणीतरी म्हणालं, म्हणून आईने दिलं नाही.

आता ती महाराजांच्या सांगण्यावरून रोज भिंतीच्या पायाशी घागरभर पाणी ओतायची. भिंत आणखी ओली. "पोरगं पिऊन राहिलं!" महाराज खूश. आई भिंतीला गाल लावून झोपायची, रात्रभर खोकायची. खालची माती फुगून सुटायला लागली होती. एक दिवस ही भिंत आईच्या अंगावर येणार, मला दिसत होतं.

मी दहावीत. विज्ञानाच्या तासाला हात वर करायची नुकतीच सवय लागलेली! होळीचा उरलेला गुलाबी रंग मी आई पाणी ओतायची तिथल्या मातीत फोडलेल्या पुडीसकट पुरला. चौथ्या दिवशी भिंत वीतभर गुलाबी, आणि गाव पुन्हा आमच्या खोलीत.

"रक्ताचे आसू!" महाराज किंचाळले. "देखो, देखो! आता रोज दोन घागरी!"

"रक्त नाही महाराज, रंग आहे." मी माती उकरून पुडी दाखवली. "दिव्याची वात तेल वर ओढते, तशी भिंत पाणी ओढते. पावसाचं आणि तुमच्या घागरीचंही."

"मंग खारट काऊन?" छोटेलालकाका.

शेजारच्या देवकाबाई दारातूनच बोलल्या, "खारट नाही तं का गोड राहीन? पन्नास वर्सं तेथं बैलं बांधत होते बाप्पा! मूत मुरलं हाये मातीत."

छोटेलालकाका थुंकायला अंगणात धावले. हशा पिकला. त्यात महाराज झोळी घेऊन कधी सटकले, कळलंच नाही. मी जिंकले होते! हसतच आईकडे वळले.

ती रिकामी घागर धरून उभी होती.

"मंग एवढे दिवस मी पानी कोनाले पाजत होती, हर्षिता?"

तिच्यासाठी हिमांशु त्या दिवशी पुन्हा गेला, आणि या वेळी त्याला मी नेलं होतं. मी तिच्या हातातून घागर काढून घेतली आणि आम्ही दोघी तिथेच बसून रडलो.

जुनं घर घेताना नव्या चुन्याला भुलू नका. त्या खोलीत आधी काय होतं, शेजारच्या म्हातारीला विचारा. भिंत ओली झाली तर मिस्त्रीला बोलवा. आणि जुलाब-उलट्या होणारं लेकरू पाणी मागेल तेव्हा द्या, मीठ-साखर घालून, घोट घोट द्या. नंतर भिंतीला कितीही पाजलं तरी ते त्याला पोचत नाही.