तिरकी खिडकी

गावातलं दगडी चर्च दोनशे वर्षांचं झालं म्हणून फादरांनी त्याचा इतिहास लिहायला घेतला, आणि गावातला गवंडी धास्तावला. इतिहासात ती खिडकी येणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

मागच्या भिंतीतली ती खिडकी त्याच्या पणजोबांनी बसवलेली. भिंत जुनी, खिडकी मागाहून भिंत फोडून काढलेली, आणि डोळ्यांना खुपेल इतकी तिरकी. पणजोबा पिऊन कामावर आले होते, असं अख्खं गाव सांगे. तेव्हापासून घराण्याला ‘तिरके’ हे नाव चिकटलं ते चिकटलंच. गवंड्याने भिंत कितीही सरळ बांधो, गिऱ्हाईक मान वाकडी करून बघे आणि हसे. तोंडी चेष्टा त्याने पचवली होती. छापलेली मात्र नातवंडं वाचणार, ते त्याला सोसवेना.

पुस्तिका छपाईला जायच्या आदल्या सकाळी तो शिडी घेऊन चर्चमध्ये शिरला. निदान किती तिरकी ते मोजून तरी बघू, लोक काय, राईचा पर्वत करतात. चौकटीच्या वरच्या टोकाला त्याने ओळंबा धरला आणि वजन खाली सोडलं. दोरी चौकटीला लागून सरळ खाली. सुताचाही फरक नाही. डोळे चोळून त्याने दुसऱ्या बाजूला धरला, तिथेही तेच. मग भिंतीच्या कोपऱ्याला धरला, तर वजन चांगलं वीतभर लांब लटकलं.

खिडकी सरळ होती. चर्चच कललं होतं.

तो तसाच पळत सुटला आणि फादरांना आणि आपल्या ऐंशी वर्षांच्या वडिलांना, बाबांना, घेऊन आला.

“म्हणजे खचलेल्या भिंतीत त्यांनी एवढी खिडकीच सरळ बसवली?” फादरांनी विचारलं.

“हो ना. म्हणून तीच तिरकी दिसते.”

बाबा बाकावर टेकले. “मला ठाऊक होतं.”

“ठाऊक होतं? आणि जन्मभर ऐकून घेतलंत?”

“आजोबांनीच सांगितलं होतं, कुणाला बोलायचं नाही म्हणून. चर्च कललंय म्हटलं असतं तर माणसं आत यायला भ्याली असती. गवंडी प्यालेला होता म्हटलं की हसत हसत येतात.”

गवंड्याने चौकटीवरून हात फिरवला. ज्या माणसाची इतकी वर्षं लाज वाटली, त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

फादर मात्र हळूच दाराकडे सरकले होते.

“भिऊ नका,” गवंडी म्हणाला. “गेल्या वर्षी पाया उघडून मीच बघितलाय. एक नवी चीर नाही. खचायचं ते खिडकी बसवायच्या आधीच खचून बसलंय, म्हणून तर ती अजून सरळ आहे.”

फादरांनी हुश्श केलं, खिशातून कागद काढले आणि ‘दारूच्या नशेत’ हे शब्द खोडले. “आता असं लिहितो, निर्व्यसनी, सत्शील...”

“थांबा, फादर,” बाबा म्हणाले. “चर्चच्या पुस्तकात खोटं नको. प्यायचे ते, चांगले प्यायचे. फक्त त्या दिवशी प्यायले नव्हते.”